राजदूत ३५०ची घरगुती पुनर्बांधणी

राजदूत ३५०ची घरगुती पुनर्बांधणी म्हणजे वर्षानुवर्षे बंद पडलेली राजदूत ३५० ही टू-स्ट्रोक मोटारसायकल घरीच पूर्णपणे उकलून, तिचा प्रत्येक भाग तपासून आणि दुरुस्त करून तिला शक्य तितक्या मूळ स्वरूपात पुन्हा चालती करणे. केवळ बिघाड दूर करणे ही दुरुस्ती होय आणि केवळ रंगरंगोटी करणे हे नूतनीकरण होय. पुनर्बांधणीत वाहनाचे मूळपण टिकवणे आणि ते सुरक्षितपणे चालवता येणे ही दोन्ही उद्दिष्टे एकत्र साधावी लागतात. या गाडीचे उत्पादन १९८९ मध्ये थांबले. त्यामुळे निष्काळजीपणाने नष्ट झालेला मूळ भाग पुन्हा मिळणे दुरापास्त असते.

पार्श्वभूमी

जपानच्या यामाहा कंपनीने १९७३ मध्ये आरडी ३५० ही मोटारसायकल बाजारात आणली. तिच्या पुढील काळातील 'आरडी ३५० बी' या आवृत्तीवर आधारित गाडी भारतात एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून राजदूत ३५० या नावाने तयार केली. इंजिन हवेने थंड होणारे, दोन सिलिंडरांचे आणि ३४७ घनसेंटिमीटर क्षमतेचे होते. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६४ मिलिमीटर व पिस्टनची धाव ५४ मिलिमीटर होती. गिअर सहा होते. जपानी गाडीची शक्ती ३९ अश्वशक्ती होती. भारतात इंधन बचतीच्या दृष्टीने ती कमी करण्यात आली. आधीच्या 'हाय टॉर्क' प्रकारात ती सुमारे ३०.५, तर नंतरच्या 'लो टॉर्क' प्रकारात सुमारे २७ अश्वशक्ती होती. जपानी गाडीच्या पुढच्या चाकाला असलेल्या डिस्क ब्रेकऐवजी येथे ड्रम ब्रेक बसवण्यात आला.

पेट्रोलचा मोठा खप आणि सुट्या भागांची किंमत यांमुळे ही गाडी सर्वसामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर राहिली. १९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स १०० सारख्या हलक्या गाड्यांनी बाजारपेठ व्यापली. मात्र वेगाची आवड असणाऱ्यांमध्ये राजदूत ३५० चे आकर्षण आजही टिकून आहे.

उकलण्यापूर्वीची नोंद

गाडी उकलण्यापूर्वी तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावी लागतात. वायरिंगचे जोड, केबलींचे मार्ग आणि वॉशरांचा क्रम यांची नोंद ठेवली जाते. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवून त्यावर चिठ्ठी चिकटवतात. ही शिस्त न पाळल्यामुळे अनेक गाड्या सुट्या भागांच्या ढिगाच्या रूपातच पडून राहतात. झिजलेला मूळ भागही काम संपेपर्यंत टाकून देत नाहीत, कारण नवा भाग बेतण्यासाठी तोच नमुना ठरतो.

इंजिन

बंद इंजिनाला थेट किक मारणे धोक्याचे असते. पिस्टन अडकलेला असल्यास स्पार्क प्लगच्या छिद्रातून डिझेल किंवा पातळ तेल सोडून काही दिवस थांबतात. हातोड्याचा वापर टाळला जातो.

सिलिंडर झिजलेला असल्यास तो लेथ कारखान्यात 'बोअर' करून घेऊन मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. हे पिस्टन मूळ मापापेक्षा ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटरने मोठे असतात. शेवटच्या मापाला व्यास ६५ मिलिमीटर होतो आणि क्षमता सुमारे ३५८ घनसेंटिमीटरपर्यंत जाते. त्यानंतर सिलिंडरमध्ये नवी स्लीव्ह बसवण्यावाचून पर्याय उरत नाही. म्हणून गरज नसताना केलेले प्रत्येक बोअरिंग इंजिनाचे आयुष्य कमी करते. आधी मोजमाप आणि मग निर्णय असा क्रम त्यामुळेच पाळला जातो.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण क्रँककेसमधून सिलिंडरकडे जाते. त्यामुळे क्रँककेस हवाबंद असणे अनिवार्य आहे. दीर्घकाळ उभ्या गाडीत क्रँकशाफ्टची रबरी ऑइल सीले कडक होऊन तडकतात. उजव्या, म्हणजे क्लचच्या बाजूचे सील गळू लागल्यास गिअरबॉक्समधील तेल इंजिनात ओढले जाऊन दाट पांढरा धूर निघतो. डाव्या, म्हणजे वीजनिर्मितीच्या बाजूचे सील निकामी झाल्यास बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते आणि वेगात असताना पिस्टन तापून जाम होऊ शकतो. चाक अचानक अडकून अपघात होण्याचा धोका यातूनच निर्माण होतो. त्यामुळे जुनी सीले वरकरणी चांगली दिसली तरी बदलली जातात.

वंगण, इंधन आणि प्रज्वलन

या गाडीत 'ऑटोल्यूब' पंप वेगळ्या टाकीतील तेल इंजिनाला पुरवतो. पंपाची केबल ॲक्सिलरेटरशी जोडलेली असते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तरी वंगण तुटते. म्हणून हवा पूर्ण काढून टाकल्याशिवाय आणि पंपावरील खुणा जुळवल्याशिवाय इंजिन सुरू करत नाहीत.

जुने पेट्रोल सुकून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकट थर जमतो. दोन्ही कार्ब्युरेटर स्वच्छ करून ते एकाच वेळी सारखे उघडतील असे जुळवावे लागतात. प्रज्वलनासाठी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र काँटॅक्ट पॉइंट असल्याने दोन्हींचा वेळ वेगवेगळा बसवतात. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या रबराला हानी पोहोचवते. त्यामुळे नळ्या व गॅस्केटे नव्या प्रकारची वापरणे आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास टाकी रिकामी करणे हितावह ठरते.

गंजलेली टाकी धुण्याच्या सोड्याचे पाणी आणि बॅटरी चार्जर वापरून विद्युत्-अपघटनाने साफ करता येते. या क्रियेत ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती मोकळ्या जागेत करतात. स्टेनलेस स्टीलचा तुकडा त्यासाठी वापरत नाहीत, कारण त्यातून विषारी क्रोमियम संयुगे तयार होतात. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते. अशा टाकीला वेल्डिंग केल्यास स्फोट होऊ शकतो.

ब्रेक

पुनर्बांधणीत बहुतेकांचे लक्ष इंजिनाकडे असते आणि ब्रेकचा विचार शेवटी होतो. या गाडीच्या बाबतीत तो क्रम उलटा असणे आवश्यक आहे, कारण तिची गती मोठी आणि ड्रम ब्रेक मर्यादित क्षमतेचे आहेत. त्या काळातील ब्रेक-शूंच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधील धूळ फुंकून न उडवता ओल्या फडक्याने पुसून काढतात.

तासगाव परिसरातील स्थिती

सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुका द्राक्षे आणि बेदाणा यांसाठी प्रसिद्ध आहे. येथील हवामान कोकणाच्या तुलनेत कोरडे असल्याने उघड्या लोखंडाला गंज हळू चढतो. मात्र शेतावरील शेडमध्ये ठेवलेल्या गाडीला वेगळा धोका असतो. द्राक्षबागेवर फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातील मोरचूद लोखंडाला खाते. याच कारणासाठी हे मिश्रण लोखंडी भांड्यात कालवत नाहीत. त्याचे शिंतोडे किंवा सांडलेली भुकटी गाडीवर साचल्यास फ्रेम व रिमवर खड्डे पडतात. उंदीर वायरिंग कुरतडतात ते वेगळेच. गाडी बंद खोलीत, औषधांपासून दूर ठेवणे हा साधा उपाय आहे.

कौशल्याच्या बाबतीत हा परिसर अनुकूल आहे. शेजारच्या पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी येथे १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी कारखाना उभारला. कोल्हापुरात ओतकाम आणि ऑइल इंजिनांचा उद्योग वाढला. त्यामुळे बोअरिंग, बुश बनवणे, मोडलेला आटा नव्याने पाडणे यांसारखी कामे करणारे कुशल कारागीर दक्षिण महाराष्ट्रात आढळतात. घरगुती पुनर्बांधणीत उकलणे, सफाई आणि जुळवणी मालक करतो. अचूक यंत्रकाम मात्र अशा कारागिरांकडेच सोपवले जाते.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणी करून तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. २०२१ मध्ये केंद्र शासनाने 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली, परंतु ती ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातील वाहनांपुरती आहे. १९८३ मधील पहिली राजदूत ३५० देखील २०३३ पूर्वी या वर्गात बसत नाही.

फ्रेमवरील चॅसी क्रमांक आणि क्रँककेसवरील इंजिन क्रमांक हे नोंदणी पुस्तिकेशी जुळणे बंधनकारक आहे. सँडब्लास्टिंग करताना किंवा रंग खरवडताना हे क्रमांक पुसट होऊ नयेत म्हणून त्यांवर आधी जाड पट्टी चिकटवतात. फुटलेल्या क्रँककेसच्या जागी दुसरी बसवल्यास त्या बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. कागदपत्रांविना घेतलेल्या गाडीची पुनर्बांधणी कितीही उत्तम झाली, तरी ती रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे पहिला बोल्ट सोडवण्यापूर्वी हे दोन्ही क्रमांक व पुस्तिका पडताळून पाहणे, हा या कामाचा पहिला टप्पा मानला जातो.