लग्नाची व्हीसीडी संगणकावर उतरवताना

व्हीसीडी म्हणजे साध्या सीडीवर एमपीईजी-१ पद्धतीने भरलेले चित्रण. हा प्रकार १९९३ साली ठरला आणि घरोघरच्या लग्नामुंजींच्या कपाटात तो आजही सापडतो. अशी सीडी प्लेअरवर बऱ्यापैकी चालते, संगणकावर कॉपी करायला घेतली की मात्र मध्येच अडकते. दोष बहुतेकदा चरे आणि धुळीचा असतो, पण त्याला सीडीच्या मांडणीची साथ असते.

सीडीवरची माहिती २३५२ बाइटच्या सेक्टरांत विभागलेली असते. साध्या डेटा सीडीत यातले २०४८ बाइट कामाचे असतात. उरलेल्यांत मुख्यतः चूक ओळखण्याची आणि दुरुस्त करण्याची सोय असते. व्हीसीडीने चित्रणाच्या सेक्टरांतून ही जादा दुरुस्ती काढून टाकली आणि २३२४ बाइट चित्र-आवाजाला दिले. त्यामुळेच ७०० एमबीच्या सीडीवर ८०० एमबीच्या आसपास चित्रण मावते. हिशेब चुकीचा नव्हता. जमाखर्चाच्या फाइलमधला एक आकडा बिघडला तर सगळे मुसळ केरात. पण चित्रणात अक्षता पडताना क्षणभर चौकटी उमटल्या तर कोणाचे काही बिघडत नाही. प्लेअर खराब सेक्टर सोडून पुढे जातो. विंडोज तसे करत नाही: एक सेक्टर वाचता आला नाही की ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’चा संदेश देऊन ते अख्खी फाइल टाकून देते. लिनक्सवर तर धडधाकट व्हीसीडीचे चित्रणही साध्या कॉपीने उतरत नाही, कारण तिथे प्रत्येक सेक्टर २०४८ बाइटचाच धरला जातो.

म्हणून आधी सीडी पुसावी. मऊ, कोरडे कापड मध्यापासून कडेकडे सरळ फिरवावे, गोल नाही. गोल चरा एकाच ट्रॅकवर लांबवर पसरतो आणि सलग माहिती खातो. खालच्या बाजूचे हलके चरे बऱ्याचदा निभावतात. खरा धोका वरच्या, नाव लिहिलेल्या बाजूला असतो. सीडीचा चकाकणारा थर त्या बाजूला लॅकरच्या पातळ लेपाखालीच असतो. तो खरवडला गेला की तेवढे चित्रण कायमचे गेले. चिकटवलेले कागदी लेबल ओढून काढू नये, त्याबरोबर हा थरही सुटून येतो.

एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसरा ड्राइव्ह कधीकधी सहज वाचतो, तेव्हा हार मानण्याआधी ड्राइव्ह बदलून पाहणे उत्तम. वाचण्याचा वेग कमी ठेवल्यानेही पुष्कळदा फरक पडतो.

कॉपी-पेस्टऐवजी आयसोबस्टरसारखा प्रोग्राम वापरावा. तो सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून पाहतो, नाहीच जमले तर तेवढा वगळून पुढे सरकतो आणि चित्रण एमपीजी फाइल म्हणून काढून देतो. लिनक्सवर चित्रण काढण्याचे काम व्हीसीडीइमेजर करतो. विंडोजमध्ये सीडीवरची चित्रणाची ‘डॅट’ फाइल नीट उतरली, तरी नुसते नाव बदलून एमपीजी करणे अर्धवटच. सेक्टरांची वेष्टणे आत तशीच राहतात आणि काही प्लेअर त्यांना अडखळतात. व्हीसीडीगिअर ती वेष्टणे काढतो.

घरगुती डीव्हीडीचे काम सोपे असते. डीडीरेस्क्यूने संपूर्ण डिस्कची आयएसओ प्रत घ्यावी. कोणता भाग वाचायचा राहिला याची तो नोंद ठेवतो, त्यामुळे उरलेला भाग दुसऱ्या ड्राइव्हवर वाचता येतो. मग मेकएमकेव्ही तुकड्यातुकड्यांच्या व्हीओबी फाइल एकसंध करून देतो. कॅमेऱ्यातली आठ सेंटिमीटरची छोटी डिस्क ‘फायनलाइज’ केलेली, म्हणजे लेखन पुरे करून बंद केलेली नसेल तर संगणकाला ती कोरीच वाटू शकते. ते काम शक्यतो त्याच कॅमेऱ्यात उरकावे. अशी डिस्क फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नये.

निघालेली फाइल लगेच एमपी४ करण्याचा मोह टाळलेला बरा. व्हीसीडीचे चित्र मुळातच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे. पुन्हा दाबले की उरलेसुरले तपशीलही जातात. मोबाइलसाठी वेगळी प्रत करावी, मूळ फाइल तशीच ठेवावी. फाइलची लांबी प्लेअरवर दिसणाऱ्या वेळेशी जुळते का, हे पाहावे आणि शेवटची काही मिनिटे मुद्दाम चालवून बघावीत: सीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे भरलेल्या सीडीचा शेवट बोटे लागणाऱ्या कडेपाशी येतो आणि बिघाड बहुधा तिथेच निघतो.