यकृतात विषाणू, रक्तात साखर

यवतमाळ, प्रतिनिधी - मधुमेह हा पोट सुटलेल्या, बैठे काम करणाऱ्या शहरी माणसाचा आजार, हा समज ग्रामीण भागात अजूनही आढळतो. त्यामुळे दिवसभर कपाशीच्या शेतात राबणाऱ्या सडपातळ माणसाच्या रक्तात साखर वाढलेली निघाली, की घरची मंडळी चक्रावून जातात. अशा वाढीमागे आनुवंशिकतेसह अनेक कारणे असतात. त्यांपैकी सहसा कोणाच्या ध्यानी न येणारे एक कारण यकृतात दडलेले असू शकते. ते म्हणजे 'हिपॅटायटिस सी' विषाणूचा संसर्ग.

हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला आणि त्याच्या शोधाबद्दल २०२० मध्ये तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. दूषित रक्तातून तो पसरतो. बहुतेकांना सुरुवातीला कावीळ होत नाही, दुखणेही जाणवत नाही. काहींच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. मात्र निम्म्याहून अधिक जणांच्या यकृतात तो वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात असे सुमारे ५५ लाख रुग्ण होते.

इन्सुलिनचा निरोप अडतो

जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्सुलिन पाझरते. रक्तातील साखर आत घ्या, असा निरोप ते स्नायूंना देते, तर साखर सोडणे थांबवा, असे यकृताला बजावते. सी विषाणूतील एक प्रथिन पेशींमधील निरोप पोहोचविणारी यंत्रणाच खिळखिळी करते. यकृताला आलेली सूज त्यात भर घालते. इन्सुलिन असूनही त्याचा प्रभाव पडत नाही. यालाच इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन स्रवून ही तूट काही काळ भरून काढते. ते थकले की मधुमेह प्रकट होतो.

अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चाळिशी ओलांडलेल्या सी-बाधितांमध्ये मधुमेहाचे प्रमाण इतरांच्या तिपटीहून अधिक आढळले होते. नंतरच्या एका पाहणीत हा संबंध तितका ठळक दिसला नाही. तथापि, विषाणू नाहीसा झाल्यावर अनेक रुग्णांची साखर सुधारते, ही बाब या संबंधाला बळकटी देते.

हे दुष्टचक्र आहे. इन्सुलिन-प्रतिरोधामुळे यकृतात चरबी साचते. भारतात सर्वाधिक आढळणारा सी विषाणूचा तिसरा उपप्रकार तर स्वतःच यकृतात चरबी वाढवितो. परिणामी यकृत लवकर निबर होते. सिरॉसिस आणि यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

तपासणी कोणी करावी?

आपल्या देशात रक्तपेढ्यांना सी विषाणूची तपासणी २००१ पासून बंधनकारक झाली. त्यापूर्वी रक्त घेतलेले, डायलिसिसवर असलेले, एकच सुई अनेकांना वापरणाऱ्यांकडून इंजेक्शन घेतलेले किंवा जत्रेत गोंदवून घेतलेले मधुमेही यांनी एकदा ही तपासणी करून घेणे इष्ट ठरते. पहिल्या चाचणीत प्रतिपिंडे आढळली, तरी विषाणू आजही शरीरात आहे का, हे 'आरएनए' चाचणीनेच कळते.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या अशा रुग्णांनी विशेष दक्ष राहावे. त्यांच्या बाबतीत तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी 'एचबीए१सी' चाचणी फसवी ठरू शकते. म्हणून उपाशीपोटी व जेवणानंतरच्या साखरेवर डॉक्टरांना भिस्त ठेवावी लागते.

उपचार मोफत

एकेकाळी या रोगावर महिनोन् महिने इंटरफेरॉनची इंजेक्शने घ्यावी लागत आणि इन्सुलिन-प्रतिरोध असलेल्यांना त्यांचा गुण कमी येई. आता बहुतेक रुग्णांना १२ आठवडे तोंडावाटे गोळ्या घ्याव्या लागतात आणि शंभरातील ९० हून अधिक जण विषाणूमुक्त होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत देण्याची तरतूद आहे. जिल्ह्यातील रुग्णांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्याची चौकशी करता येईल.

उपचार सुरू असताना मधुमेहींनी एक पथ्य पाळावे. विषाणू ओसरू लागला, की इन्सुलिन पुन्हा परिणाम करू लागते आणि जुन्याच मात्रेने साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम फुटणे, हातपाय थरथरणे, भोवळ येणे ही त्याची लक्षणे. त्यामुळे साखर वरचेवर तपासावी आणि औषधाची मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. स्वतःहून गोळ्या बंद करू नयेत. विषाणू गेला म्हणजे मधुमेह गेलाच, असे नाही.

या विषाणूवर लस नाही आणि बरे झालेल्यालाही तो पुन्हा गाठू शकतो. म्हणून साखर तपासण्यासाठी बोटाला टोचायची सुई घरातल्या घरातही एकमेकांची वापरू नये.