वाशिमच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरला आपण तापलोय हे कळतं कसं?

मे महिना. दहावी-बारावीचे निकाल लागले की वाशिम, रिसोड, मंगरूळपीरच्या सेवा केंद्रांवर दाखल्यांसाठी रांगा लागतात. बाहेर पारा ४३-४४ वर, दुकानावर टिनपत्रे, आणि टेबलाखालच्या सीपीयूचा पंखा घोंघावतोय. मध्येच स्क्रीन अडकते. दुकानदार म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे, थोडं थांबा."

दरवेळी सर्व्हरच डाऊन असतो असं नाही. अनेकदा टेबलाखालचा डबाच तापलेला असतो. प्रोसेसर ठरावीक तापमानाच्या वर गेला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो.

यामागचा हिशेब सोपा आहे. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. २४ अंशांच्या एसी खोलीत जो प्रोसेसर ६५ अंशांवर चालतो, तोच त्याच कामाला ४४ अंशांच्या खोलीत साधारण ८५ वर जातो. त्यात सोयाबीन मळणीच्या दिवसांत उडालेली धूळ आणि कुटाराचे कण पंख्याच्या पात्यांवर बसलेले असले, की आकडा आणखी वर.

आता प्रश्न असा, की हा आकडा येतो कुठून? मोबाईलवर किंवा फेसबुकच्या ग्रुपवर तुम्ही स्क्रीनशॉट पाहिले असतील: "माझ्या मदरबोर्डचं तापमान १२७ अंश दाखवतंय, काय करू?" खाली पन्नास कमेंट, बदल मदरबोर्ड, बदल पंखा, बदल पेस्ट. खरं उत्तर बहुतेक वेळा वेगळंच निघतं. सेन्सर चिपच्या त्या पायाला काहीच जोडलेलं नसतं. नसलेल्या थर्मामीटरचा आकडा वाचून माणूस घाबरलेला असतो.

हा आकडा चिपमधून उचलून स्क्रीनपर्यंत आणणारा जो छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याचं काम ऐकायला किरकोळ वाटतं, पण याच किरकोळ कामात एकेकाळी चांगले लॅपटॉप कायमचे बंद पडले आहेत.

कर्नल म्हणजे कोण?

विंडोज असो, लिनक्स असो की तुमच्या फोनमधलं अँड्रॉइड, प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. मेमरी, डिस्क, पोर्ट, चिप अशा सगळ्यांच्या किल्ल्या याच्याकडे. ब्राउझर किंवा गेमला हार्डवेअरला थेट हात लावता येत नाही, कर्नलकडे मागावं लागतं. ड्रायव्हर मात्र बहुतेक वेळा कर्नलच्या आतच बसून चालतो, त्याच अधिकारांनी. म्हणून ब्राउझर चुकला तर ब्राउझर बंद पडतो, ड्रायव्हर चुकला तर अख्खी मशीन.

१९ जुलै २०२४ आठवतोय? भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले तो दिवस. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक ड्रायव्हर कर्नलमध्ये बसून नको ती मेमरी वाचायला गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडल्या. तो सेन्सरचा ड्रायव्हर नव्हता, पण बसण्याची जागा तीच.

आकड्याचा प्रवास

लिनक्स ही खुली सिस्टीम. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये तिची सुरुवात केली आणि तिचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो. त्यामुळे सेन्सरचा ड्रायव्हर कसा लिहितात हे समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही. तिच्यात सेन्सरसाठी स्वतंत्र विभाग आहे, 'एचडब्ल्यूमॉन', म्हणजे हार्डवेअर मॉनिटरिंग. याची मुळं 'एलएम-सेन्सर्स' नावाच्या प्रकल्पात आहेत आणि तो सुरू झाला १९९८ मध्ये. योगायोग म्हणजे वाशिम जिल्हाही त्याच वर्षी १ जुलैला अकोल्यातून वेगळा झाला. दोघांचं वय सारखंच.

नाव आलं नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीच्या 'एलएम' मालिकेतल्या चिपवरून. त्यातली 'एलएम ७५' ही तापमान मोजणारी चिप आजही शिकणाऱ्यांची आवडती आहे. तिचंच उदाहरण घेऊ.

ही चिप 'आय-स्क्वेअर-सी' नावाच्या दोन तारांच्या रस्त्यावर बसते. फिलिप्सने १९८२ मध्ये आणलेली ही पद्धत. एक तार ठेका धरते, दुसरीवरून माहिती जाते. एकाच रस्त्यावर अनेक चिप असतात, म्हणून प्रत्येकीला घर क्रमांक असतो. एलएम ७५ चे क्रमांक ७२ ते ७९ यांपैकी. ड्रायव्हर त्या क्रमांकाला हाक मारतो, "तापमान सांग", आणि चिप दोन बाइट परत पाठवते. पहिल्या बाइटमध्ये पूर्ण अंश, दुसऱ्याच्या पहिल्या बिटमध्ये अर्धा अंश. पहिला बाइट ४४ आणि अर्ध्याचा बिट चालू, म्हणजे ४४.५ अंश.

मग ड्रायव्हरने ४४.५ छापायचं? नाही. लिनक्स कर्नलमध्ये दशांश चिन्हाची गणितं टाळतात. म्हणून नियम असा, की तापमान अंशाच्या हजाराव्या भागात द्यायचं. ड्रायव्हर देतो ४४५००. व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, पंखा मिनिटाला किती फेरे यात. सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या चिपसाठी एकच माप ठरलेलं असल्यामुळे वरच्या प्रोग्रामला आत कोणती चिप आहे याची चिंता नाही. लिनक्स वापरत असाल तर टर्मिनलमध्ये 'सेन्सर्स' ही आज्ञा देऊन पाहा, ती हेच आकडे हजाराने भागून दाखवते.

गंमत चुकांमध्ये आहे. चिप मोठा बाइट आधी पाठवते, पण रस्त्यावरून दोन बाइट एकत्र उचलण्याची जी ठरलेली पद्धत आहे ती लहान बाइट आधी आला असं धरून चालते. लिहिणारा अदलाबदल करायला विसरला, की ४४ अंशांच्या खोलीत चिप शून्य अंश दाखवते. ही चूक वाशिममध्ये दोन मिनिटांत पकडली जाईल. दुसरी चूक जास्त लबाड आहे. शून्याखालचे अंश चिप वेगळ्या रीतीने लिहिते, उणे एक म्हणजे बाइटमध्ये २५५. ऋण चिन्हाकडे लक्षच दिलं नाही तर उणे १ अंश हे २५५ अंश होऊन बसतं. वाशिममध्ये वर्षानुवर्षं तो ड्रायव्हर बिनचूक चालेल. लडाखला नेला की पहिल्याच रात्री मशीन पेटल्याचा निरोप देईल.

चिप बरोबर, आकडा चूक

संत्र्याचा फळपीक विमा काढणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने नोंदवलेलं तापमान आणि पाऊस यांवर भरपाई ठरते, आणि केंद्र असतं एकीकडे, बाग दुसरीकडे. यंत्र खोटं बोलत नाही. त्याने मोजलं ते त्याच्या जागेचं.

प्रोसेसरचंही तसंच. इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर "मी इतक्या अंशांवर आहे" असं सांगतच नाही. तो सांगतो, "कमाल मर्यादेपासून मी इतका खाली आहे." म्हणजे मर्यादा १०० आणि उत्तर ३० आलं तर तापमान ७०. पण मर्यादा किती, हे जुन्या काही मॉडेलमध्ये चिपमधून वाचण्याची सोयच नव्हती. लिनक्सच्या 'कोअरटेम्प' ड्रायव्हरला मॉडेल ओळखून ती अंदाजाने धरावी लागायची. अंदाज दहा अंशांनी चुकला की आकडाही दहा अंशांनी चुकीचा.

२०१७ मध्ये एएमडीच्या नव्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्स प्रोसेसरवर लोक धास्तावले. आकडे भलतेच चढे. शेवटी कंपनीनेच खुलासा केला: पंख्यांचं वर्तन सगळ्या मॉडेलमध्ये सारखं राहावं म्हणून या मॉडेलच्या आकड्यात मुद्दाम २० अंश जास्त मिळवलेले आहेत. मग लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये एक छोटा तक्ता घालावा लागला, अमुक मॉडेल असेल तर इतके वजा करा.

मदरबोर्डवरच्या चिपची तर तऱ्हाच निराळी. कोणत्या पायाला काय जोडलंय हे मदरबोर्ड बनवणारी कंपनी ठरवते आणि ते बहुतेक वेळा जाहीर करत नाही. एकाच चिपचा तिसरा सेन्सर एका बोर्डवर खरा असतो, दुसऱ्यावर हवेत लटकलेला. ते १२७ अंशांचे स्क्रीनशॉट इथून येतात.

फक्त वाचलं, आणि लॅपटॉप मेला

आता मूळ मुद्दा. वाचण्याने काय बिघडणार, असं कुणालाही वाटेल. एलएम-सेन्सर्सच्या सुरुवातीच्या काळात लिहिणाऱ्यांनाही तसंच वाटलं असणार.

कॉम्प्युटरमध्ये कोणत्या सेन्सर चिप आहेत हे आधी माहीत नसतं. म्हणून रस्त्यावरच्या प्रत्येक घर क्रमांकाला एक छोटी हाक मारून कोण 'ओ' देतं ते पाहायचं, ही पद्धत होती. बहुतेक चिपना याचा काही त्रास नव्हता. पण आयबीएमच्या थिंकपॅड लॅपटॉपच्या काही मॉडेलमध्ये त्याच रस्त्यावर एक मेमरी चिप होती, अॅटमेलची '२४आरएफ०८'. तिच्यात लॅपटॉपची मूलभूत माहिती साठवलेली. ती छोटी हाक ऐकून या चिपचा गोंधळ व्हायचा आणि आतली माहिती बिघडायची. लगेच काही कळायचं नाही. पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू करताना मात्र ती माहिती तपासली जायची, जुळायची नाही, आणि मशीन उठायचीच नाही. विंडोज पुन्हा टाकून दुरुस्त होईल असा हा बिघाड नव्हता.

हा दोष नेमका कुणाचा यावर वाद घालता येईल. चिपने साध्या हाकेवर स्वतःला बिघडवून घ्यायला नको होतं हे खरंच. पण ज्याचा लॅपटॉप गेला त्याला त्या वादाशी काय देणंघेणं? त्याने फक्त तापमान पाहिलं होतं. लिनक्सच्या मंडळींनी त्यावर जो उपाय केला तो कोडमध्ये वाचता येतो. त्या रस्त्याचा एक ड्रायव्हर सुरू होताना मशीन आयबीएमची आहे का ते पाहतो, आणि असेल तर, यामुळे तुमची मेमरी चिप बिघडू शकते असं सांगून काम करायला सरळ नकार देतो.

आजही नवा सेन्सर ड्रायव्हर पाठवणाऱ्यांसाठी ज्या सूचना आहेत, त्यात एक अशी, की चिप ओळखताना तिच्यावर काही लिहू नका. लिहावंच लागलं तर ती तीच चिप आहे याची खात्री पटल्यावरच. नियम कोरडा दिसतो, पण असे नियम मेलेल्या लॅपटॉपमधूनच येतात.

दुसरं भांडण बायोसचं. लिनक्सचा ड्रायव्हर चिपला "दुसरं पान उघड" म्हणतो, तेवढ्यात मागून बायोसचा प्रोग्राम "पहिलं उघड" म्हणतो, आणि ड्रायव्हर पंख्याच्या जागी भलताच आकडा वाचतो. वाचन चुकलं तर ठीक, पण पंख्याचा वेग लिहिताना असं झालं तर? म्हणून बायोसने ज्या जागेवर हक्क सांगितलाय तिथे लिनक्स आता ड्रायव्हरला शिरू देत नाही. त्यामुळे काही मदरबोर्डवर सेन्सर दिसतच नाहीत आणि लोक लिनक्सला शिव्या घालतात.

विंडोजवरचं फुकट ॲप

सेवा केंद्रात बहुधा विंडोज असतं. तिथे साध्या प्रोग्रामला सेन्सरपर्यंत पोचण्याची सरळ वाट नाही. म्हणून तापमान दाखवणारी, पंखा फिरवणारी अनेक फुकट ॲप 'विनरिंगझिरो' नावाचा एक तयार ड्रायव्हर सोबत आणत. तो सेन्सरचे आकडे देतो, पण त्यासाठी कर्नलचं दार जवळजवळ सताड उघडतो, आणि मग त्यातून कुठलाही भामटा प्रोग्राम आत जाऊ शकतो. २०२० मध्ये ही त्रुटी रीतसर नोंदवली गेली. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरने या ड्रायव्हरला धोकादायक ठरवायला सुरुवात केली आणि अनेकांची पंख्याची ॲप एका सकाळी बंद पडली. ॲप बनवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ज्या मशीनवर गावभराचे आधार क्रमांक आणि बँक पासबुकं स्कॅन होतात, तिथे तापमान पाहायला असं ॲप टाकणं महागात पडू शकतं. तिथे बायोसमध्ये जाऊन आकडा पाहावा आणि ब्रशने धूळ काढावी, तेवढं पुरतं.

ज्यांना ड्रायव्हर लिहून पाहायचाय त्यांची गोष्ट वेगळी. जुना कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स आणि सी भाषा येत असली की सुरुवात होते. प्रत्यक्ष चिपसुद्धा लागत नाही. लिनक्समध्ये 'आय-टू-सी स्टब' नावाचं एक मॉड्यूल आहे, ते खोटी चिप उभी करतं. तिच्यात तुम्ही हवे ते बाइट भरायचे आणि आपला ड्रायव्हर काय वाचतो ते पाहायचं. मघाची ती लडाखवाली चूक अशी पकडता येते. वाशिममध्ये, भर मे महिन्यात, टिनाखाली बसून पहिल्या बाइटमध्ये २५५ भरायचे आणि स्क्रीनवर उणे १००० येतंय का ते बघायचं.