वास मोडणारे कापड : माल घेण्यापूर्वी

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की कापडाची खरी परीक्षा होते. गेल्या उन्हाळ्यात बेसा येथील आमच्या दुकानातून 'वासमुक्त' लेबलाचे पॉलिस्टर टी-शर्ट बरेच विकले गेले. पाच-सहा धुण्यांनंतर गिऱ्हाईक ते परत घेऊन आले. "भाईजान, धुतल्यावरही वास जात नाही!" घाऊकवाल्याने माल परत घेतला नाही, नुकसान आमच्याच पदरी पडले.

तेव्हा हा विषय आम्ही मुळापासून समजून घेतला. ताज्या घामाला जवळपास वास नसतो. घामावर जगणारे जंतू तो निर्माण करतात. बेल्जियमच्या घेंट विद्यापीठाने २०१४ साली २६ जणांचे सायकल-व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले. सुतीपेक्षा पॉलिस्टरला वास अधिक होता. पॉलिस्टर पाणी पीत नाही, अंगाचे तेल मात्र धरून ठेवते. मोमिनपुऱ्यातील जुन्या विणकरांना उन्हाळ्यात सुतीच का, हे प्रयोगशाळेशिवायच ठाऊक होते.

बाजारात या नावाखाली निरनिराळा माल येतो. काहींत नुसता सुगंध असतो. त्याची गोष्ट सोडा. काहींत चांदीचे सूक्ष्म कण असतात, ते जंतू मारतात. पण २००८ साली अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठात असे मोजे धुऊन पाहिले, तेव्हा काही मोज्यांतील जवळपास सगळी चांदी चार धुण्यांतच पाण्यात गेली. गिऱ्हाइकाने पैसे चांदीचे मोजले आणि चांदी गेली गटारात!

वास खरोखर मोडणारा पदार्थ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्यावर ऊन पडले की वासाचे रेणू तुटतात. उजेडात या पदार्थाकडून होणारी रासायनिक क्रिया जपानच्या फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ साली जगापुढे मांडली. अडचण अशी की कपाटात ऊन नसते, आणि लेप नीट बसला नाही तर तो कापडाचा रंग व धागाही खातो.

आपल्याकडे मुंबईच्या माटुंगा येथील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००६ साली झिंक ऑक्साइडचे सूक्ष्म कण स्टार्चच्या साहाय्याने सुती कापडावर बसवून त्याला जंतूंशी लढण्याचा गुण दिला. सुताचे मूळ गुण आणि वर हा लेप, हा मेळ विदर्भासारख्या कापसाच्या मुलुखाला अधिक शोभणारा आहे, असे आमचे मत.

आता आम्ही घाऊकवाल्याला पहिला सवाल करतो, "गुण किती धुण्यांपर्यंत टिकतो? लिहून द्या." मग दोन नग घरी आणून दहा वेळा धुतो, मुलाला दिवसभर घालायला लावतो. ऑर्डर त्यानंतर.