लांब केसांसाठी ब्रश चांगला की कंगवा? मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात नेमकं काय वापरायचं?

मालवण जेट्टीवरून होडीत बसलात, केस मोकळे सोडलेत, मागे सिंधुदुर्ग किल्ला ठेवून झक्कास रील काढलं. रीलमध्ये भुरभुरणारे केस मस्तच दिसतात. पण संध्याकाळी खोलीवर आल्यावर? मानेपाशी असा गुंता झालेला असतो की बोटसुद्धा आत शिरत नाही. मग ब्रश किंवा कंगवा, जे हाताला लागेल ते वरून खाली ओढलं जातं. कट्कट् आवाज येतो. गुंता सुटतोय असं आपल्याला वाटतं, खरं तर केस तुटत असतात.

किनाऱ्यावर केस इतके का गुंततात?

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्यांना धरून ठेवणारे काही बंध ओलाव्याने सुटतात आणि केस वाळला की पुन्हा जुळतात. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मे महिन्यातही हवा चिकट असते. त्यामुळे बंधांची ही उघडझाप सतत चालू राहते आणि केस फुगतात. त्यात समुद्राचं पाणी वाळलं की मीठ मागे उरतं, केस राठ होतात आणि एकमेकांत अडकतात.

दुसरं कारण केसांच्या वयाचं. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटीमीटर लांब केसाचं टोक पाच वर्षांचं असतं. पाच पावसाळे काढलेलं हे टोक मुळाजवळच्या केसाइतकं दणकट कसं असेल? फाटे फुटतात ते तिथेच.

कंगवा, ब्रश आणि फणी: कोणाचं काम काय?

मोठ्या, विरळ दातांचा कंगवा गुंता सोडवण्यासाठी. दातांमध्ये जागा असल्याने गाठ थोडी थोडी सैल होते आणि एका वेळी कमी केस ताणले जातात.

ब्रश गुंता सुटल्यानंतर. तो केस एका दिशेने बसवतो आणि टाळूवरचं नैसर्गिक तेल खालपर्यंत पसरवतो. लांब केसांत हे तेल आपोआप टोकापर्यंत पोहोचत नाही. पण गुंत्यात ब्रश घातला तर त्याची सगळी टोकं एकदम अडकतात. रोज शंभर वेळा ब्रश फिरवला की केस वाढतात, हा गैरसमज आहे. उलट जास्त घासल्याने केस झिजतात.

फणी म्हणजे बारीक, दाट दातांची. तिचं खरं काम उवा आणि लिखा काढणं. लांब केसांच्या गुंत्यात ती घालूच नका.

ओले केस विंचरायचे का?

सरळ केस असतील तर नाही. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. टॉवेलने खसाखसा न पुसता पाणी टिपून घ्या आणि केस अर्धवट वाळले की कंगवा घ्या. कुरळ्या केसांचं उलट आहे. ते कोरडे विंचरले तर जास्त तुटतात, म्हणून कंडिशनर लावून, दमट असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवावेत.

दोन्हीत पद्धत एकच. आधी टोकं, मग मध्य, शेवटी मुळं. गाठीच्या वर केस मुठीत धरा, म्हणजे टाळू ओढली जात नाही.

आजीचं खोबरेल खरंच कामाचं?

हो, आणि याचा अभ्यास मुंबईतच झालाय. मॅरिको कंपनीतल्या रेले आणि मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली. केसांतून होणारी प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. मॅरिको स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवायला हवं. पण कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो. त्यामुळे न्हाण्याआधी तेल लावून गुंता सोडवण्याची कोकणातली सवय सोडू नका.

गुंता तसाच राहिला तर?

गळलेले केस आत अडकतात, त्यात तेल आणि धूळ बसते आणि हळूहळू घट्ट जट तयार होते. आपल्याकडे याला देवीचं बोलावणं समजलं गेलं. जट आली म्हणून मुलींना यल्लम्माला सोडलं गेलं, अनेक बायकांनी मानदुखी सोसत ते ओझं वर्षानुवर्षं डोक्यावर वागवलं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही अशा बायकांना समजावून त्यांची जट कापतात. जट म्हणजे न सुटलेला गुंता. ती कापल्याने कोप होत नाही, मान हलकी होते. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाला जट असेल तर एवढं नक्की सांगा.

मग घ्यायचं काय?

एकच घ्यायचं असेल तर मोठ्या दातांचा कंगवा. विकत घेताना दातांवरून नख फिरवून बघा. साच्याची धारदार कड लागली तर तो ठेवून द्या, ती केस खरवडते. ब्रश नंतर घेतला तरी चालेल.

आणि कंगव्यात आलेले केस बघून लगेच घाबरू नका. रोज ५० ते १०० केस गळणं नेहमीचं आहे. फक्त एक केस उचलून नीट पाहा. टोकाला पांढरट गाठ असेल तर तो मुळापासून गळलाय. गाठ नसेल आणि तुकडा आखूड असेल तर तो तुटलाय, म्हणजे विंचरताना घाई होतेय.

पुढच्या वेळी होडीत चढण्याआधी सैल वेणी घाला. रील काढायला दोन मिनिटं सोडा, मग पुन्हा बांधा.