मामांची स्कोडा

चिखलीच्या मामांनी मारुती-टाटा सोडून स्कोडा कायलॅक घेतली. गल्लीत एकच चर्चा, "परदेशी गाडी कशाला?"

परदेशी कसली! कंपनी चेक प्रजासत्ताकातली, पण ही गाडी बनते चाकणला. आपल्या शेजारी, संभाजीनगरजवळ शेंद्र्यालाही स्कोडाचा कारखाना आहेच.

मग किंमत आवाक्यात कशी? लांबी ३,९९५ मिलिमीटर, पेट्रोल इंजिन ९९९ सीसी. चार मीटर आणि १२०० सीसीच्या आत राहिलं की कर कमी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांना जीएसटी १८ टक्के.

इंजिन तीनच सिलिंडरचं, पण टर्बोमुळे ताकद ११५ पीएस. राजूर घाट भरल्या गाडीनं आरामात चढलो. फक्त गिअर वेळेवर खाली घ्यावा लागतो, कमी आरपीएमवर टर्बो सुस्त असतो. मागे तिघं बसले की खांद्याला खांदा लागतो, हेही खरं.

भारत एनसीएपीत पाच तारे, सहा एअरबॅग अगदी खालच्या मॉडेलपासून. मामींना यातलं काहीच नको होतं, त्यांनी डिकी पाहून होकार दिला!

घ्यायची असेल तर आधी सर्व्हिस सेंटर तुमच्या गावापासून किती लांब आहे ते बघा. मायलेज, विमा, काहीही विचारायचं असेल तर खाली लिहा.