कचेरीतले जाळे : तहसीलच्या संगणकावरून फोनला इंटरनेट

फोनने संगणकाला इंटरनेट पुरवणे ही बीड जिल्ह्यातल्या तलाठी सजांवर रोजची बाब आहे. फोनचा हॉटस्पॉट सुरू करायचा, लॅपटॉप त्याला जोडायचा आणि फेरफाराची नोंद घ्यायची. तहसील कचेरीत नेमकी उलट गरज पडते. तिथे टेबलावरच्या संगणकाला तारेतून इंटरनेट असते. जाड भिंतींच्या आत फोनची रेंज मात्र जाते. पाटोदा, आष्टी, धारूर भागात बालाघाटाच्या डोंगरामुळे रेंजचे दुखणे आणखी वाढते. अशा वेळी संगणकाचेच इंटरनेट फोनला का देऊ नये, असा प्रश्न उभा राहतो. घरच्या संगणकावर हे दोन मिनिटांचे काम आहे. सरकारी संगणकावर ते अडते, आणि एकाच ठिकाणी नव्हे, एकामागून एक ठिकाणी अडते.

हातातल्या यंत्राला संगणकामार्फत इंटरनेट देण्याची कल्पना जुनी आहे. 2000 नंतरच्या काही वर्षांत पॉकेट पीसी नावाची छोटी यंत्रे मिळत. त्यांतल्या पुष्कळांना ना सिम होते ना वायफाय. ती केबलने संगणकाला जोडली की मायक्रोसॉफ्टचे अॅक्टिव्हसिंक पत्ते आणि भेटींच्या वेळा जुळवून घेई, आणि संगणकाचे इंटरनेटही यंत्राला वापरू देई. त्याआधीच, 1999 साली, विंडोज 98 च्या दुसऱ्या आवृत्तीत एका संगणकाचे कनेक्शन इतरांना वाटण्याची सोय आली होती. आज विंडोज 10 आणि 11 मध्ये 'मोबाइल हॉटस्पॉट' नावाने जे बटण दिसते, ते त्याच सोयीचे वंशज.

या सोयीत संगणक छोट्या राउटरचे काम करतो. फोनला तो स्वतःच्या मागचा एक खासगी पत्ता देतो. विंडोजमध्ये हे पत्ते बहुधा 192.168.137 ने सुरू होतात. फोनकडून आलेल्या प्रत्येक मागणीवरचा पत्ता पुसून संगणक तिथे आपला पत्ता घालतो, मागणी पुढे पाठवतो आणि उत्तर आले की ते फोनकडे वळवतो. बाहेरच्या जाळ्याला एकच यंत्र दिसते. संगणक दोन्ही बाजू नुसत्या जोडून मोकळा झाला, म्हणजे त्याने 'ब्रिज' केला, तर फोन स्वतःच्या हार्डवेअर क्रमांकासह मुख्य जाळ्यावर उघडा दिसतो. कचेरीतला स्विच एका पोर्टवर एकच क्रमांक चालवून घेणारा असेल, तर दुसरा दिसताच तो पोर्ट बंद करू शकतो. मग फोन राहतो बाजूला, टेबलावरचा संगणकही बसतो.

पहिला अडसर अॅडमिन पासवर्डचा. कनेक्शन वाटण्याची जुनी सोय सुरू करायला अॅडमिनचे अधिकार लागतात, आणि साध्या वापरकर्त्याच्या खात्याला ते नसतात. शिवाय विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत कचेरीच्या जाळ्यावर ही वाटणी बंद ठेवण्याचे कलम तयारच आहे. ते लागू असेल तर बटण असून नसल्यासारखे. पुष्कळ डेस्कटॉपना वायफायचे कार्डच नसते, हे निराळेच.

अॅडमिनच्या अधिकारांशिवाय चालणारी साधनेही निघाली. 2017 साली जेनीमोबाइल या कंपनीने असे एक मुक्त साधन प्रसिद्ध केले. अँड्रॉइड फोन केबलने जोडायचा, त्यात यूएसबी डीबगिंग सुरू करायचे. फोनमध्ये व्हीपीएनसारखा एक मार्ग तयार होतो आणि सगळी वाहतूक केबलमधून संगणकावरच्या एका साध्या प्रोग्रामकडे जाते. अॅप तयार करणाऱ्यांना चाचणीसाठी ते फार सोयीचे आहे. परवानगी दिलेलेच प्रोग्राम चालू देणाऱ्या संगणकावर मात्र ते उघडतच नाही.

एवढे पार पडले तरी प्रॉक्सी उरते. अनेक कार्यालयांत बाहेर जाणारी प्रत्येक मागणी प्रॉक्सीतून जाते, आणि प्रॉक्सी आधी वापरकर्त्याचे नाव विचारते. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा पत्ता भरता येतो. ब्राउझर तो मानतो, पण कित्येक अॅप त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यापुढे प्रमाणपत्राची अडचण. काही जाळी गुप्त वाहतूकही उघडून तपासतात आणि त्यासाठी आपले प्रमाणपत्र प्रत्येक संगणकात बसवून ठेवतात. अँड्रॉइड 7 पासून, म्हणजे 2016 पासून, वापरकर्त्याने बसवलेल्या अशा प्रमाणपत्रावर अॅप आपोआप विश्वास ठेवत नाहीत. मग वायफायचे चिन्ह भरलेले दिसते, ब्राउझरही चालतो, आणि नेमके कामाचे अॅप 'इंटरनेट नाही' म्हणत बसते. कर्मचाऱ्यांचा सर्वांत जास्त वेळ खाणारा बिघाड हाच, कारण त्यात कुठेच काही बिघडलेले नसते.

इतके अडसर कशासाठी, याचे उत्तर जाळ्याच्या रचनेत आहे. राज्यांची स्वतंत्र जाळी उभारण्याची केंद्राची योजना 2005 साली मंजूर झाली. महाराष्ट्राचे असे जाळे मंत्रालयापासून विभाग, जिल्हा आणि तालुक्यापर्यंत पोहोचते. त्यावरच्या संगणकाशी फोन जोडला की दोन जाळी एकत्र येतात. फोनवर कुणीतरी पाठवलेली लग्नपत्रिकेच्या नावाची एपीके फाइल आणि सातबाऱ्याचे काम चालणारा संगणक यांच्यात मग एक केबलच काय ती उरते.

धोका पुस्तकी नाही. सप्टेंबर 2019 मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या एका संगणकात घातक प्रोग्राम सापडला आणि 30 ऑक्टोबरला अणुऊर्जा महामंडळाने ते मान्य केले. तो संगणक प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या जाळ्यावर होता. यंत्रणेच्या नियंत्रणाचे जाळे त्यापासून तोडलेले होते, असे महामंडळाने सांगितले. परळीसारख्या औष्णिक केंद्राला हा धडा तहसील कचेरीपेक्षा जास्त लागू पडतो. नियंत्रण कक्षातल्या संगणकाला फोन नुसता चार्जिंगसाठीही लावू नये, हा नियम म्हणूनच जाचक म्हणता येत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये जबाबदार व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणक किंवा जाळे वापरणे येते. त्यात नुकसानभरपाईची तरतूद आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. फोनला इंटरनेट देणाऱ्या लिपिकाचा हेतू बहुधा वाईट नसतो. विभागीय चौकशी मात्र हेतूपाशी थांबत नाही. चोरून केलेली जोडणी लपतेच असेही नाही. प्रत्येक पॅकेटवर एक उलट मोजणारा आकडा असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. विंडोजचा आकडा 128 पासून आणि अँड्रॉइडचा 64 पासून सुरू होतो. त्यामुळे विंडोजच्या संगणकाकडून 63 येऊ लागला, की त्याच्यामागे दुसरे यंत्र आहे हे जाळे सांभाळणाऱ्याला कळते.

बऱ्याच कामांना सतत इंटरनेट लागतच नाही, हे या प्रश्नात नेहमी विसरले जाते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकाची नोंद आणि फोटो बांधावर घ्यावा लागतो. रेंज नसेल तर तो फोनमध्ये साठवून नंतर अपलोड करता येतो. ज्या अॅपमध्ये अशी सोय आहे तिथे कचेरीच्या संगणकाची गरजच उरत नाही, गावात रेंज मिळाली की काम होते. नुसती फाइल हलवायची असेल तर ती फोनवरून संगणकात घेण्याची परवानगी मागणे पुरते, इंटरनेट वाटण्याची नाही. खरोखर कायम जोडणी हवी असेल, तर संगणकाला मध्ये न घेता मुख्य जाळ्यापासून वेगळे वायफाय मागावे.

तसा अर्ज करताना फोनचा हार्डवेअर क्रमांक द्यावा लागतो, आणि तिथे एक खाचखळगा आहे. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन वायफायला आपला खरा क्रमांक सांगत नाहीत, बनावट क्रमांक पुढे करतात. अर्जात फोनच्या माहितीच्या पानावरचा क्रमांक लिहिला आणि जोडणीला दुसराच आला, तर मंजूर झालेला फोनही बाहेरच राहतो. त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन यादृच्छिक क्रमांकाचा पर्याय तेवढ्यापुरता बंद करावा लागतो.